नर्सला अडवा, बाकीचे जाऊ द्या

परवा शुक्रवारी लंचला आमच्या टेबलावर जुंपली. विषय बहुतेक कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर आलेल्या बातमीवरून निघाला असावा, पण गाडी येऊन थांबली ती डॉक्टर आणि नर्स परदेशात जातात यावर. आमच्यातला एक जण पोळीचा तुकडा हवेत नाचवत म्हणाला, "सरकारच्या पैशानं शिकायचं आणि मग लंडनला पळायचं! पाच वर्षं पासपोर्टच देऊ नका यांना." सगळ्यांनी माना डोलावल्या.

गंमत अशी की हे बोलणारा गृहस्थ गेलं दीड वर्ष ऑनसाईटसाठी मॅनेजरच्या मागे लागलाय. टेबलावर आम्ही सहा जण. दोघं अमेरिकेत राहून आलेले, एकाची बहीण टोरांटोला, एकाचा भाऊ म्युनिकला. सहापैकी चौघं सरकारी नाहीतर अनुदानित कॉलेजात शिकलेले (मी त्या चौघांत आलो), म्हणजे आमच्या डिगरीतही करदात्याचे पैसे आहेतच की! पण इंजिनियर गेला की सोसायटीच्या गणपतीत त्याच्या आईवडिलांचा सत्कार, आणि नर्स गेली की तो 'ब्रेन ड्रेन'.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाला गेला म्हणून कुणी मरत नाही, नर्स नसली तर मरतं. मान्य. एकदम मान्य. म्हणूनच हा विषय लंच संपल्यावर डोक्यातून गेला नाही.

माझं गाव तालुक्याचं. तिथं ग्रामीण रुग्णालय आहे, इमारत चांगली आहे, ऑपरेशन थिएटरसुद्धा आहे. भूलतज्ज्ञाची जागा मात्र मी बारावीला होतो तेव्हापासून रिकामी. तीन वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या. बाळ आडवं होतं, सिझेरियनशिवाय मार्ग नव्हता. ड्यूटीवरच्या सिस्टरनी तपासलं आणि सांगितलं, "जिल्ह्याला न्या, इथं थांबू नका." १०८ची गाडी, सत्तर किलोमीटर, मध्ये घाट. मामा ड्रायव्हरशेजारी बसला होता, पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलला नाही म्हणे. मी इकडे पुण्यात फोन हातात धरून. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, बाळ आता घरभर पळतं. पण त्या रात्री घाटात एखादा ट्रक आडवा झाला असता तर, हा विचार आमच्या घरात आजही कुणी मोठ्यानं बोलत नाही.

त्यामुळे 'ज्याला जायचंय त्याला जाऊ दे, मार्केट बघून घेईल' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माणूस कमी पडतो तेव्हा काय होतं ते आम्हाला माहितीये. माझा मुद्दा वेगळा आहे. माणूस कमी पडतोय म्हणून कुलूप नेमकं कुठे लावायचं, आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

हा आजार सगळ्यात उघडा दिसतो तो आफ्रिकेत, म्हणून आधी तिकडे जाऊ. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली आपला वार्षिक अहवाल फक्त या एका विषयावर काढला होता. जगात तेव्हा ४३ लाख आरोग्य कर्मचारी कमी होते, आणि ५७ देशांत परिस्थिती बिकट होती. जगातल्या आजारपणाचं २४ टक्के ओझं आफ्रिकेवर, आणि ते उचलायला जगातले ३ टक्के कर्मचारी. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये शंभर तिकिटं पडलीत, त्यातली चोवीस एका टीमकडे आणि त्या टीममध्ये तीन माणसं. त्यातलाही एक नोटीस पिरियडवर.

मालावी हा त्यातला एक छोटा देश. २००४ साली तिथं एड्सची साथ ऐन भरात होती, दहातल्या एकाहून जास्त प्रौढ माणसांना एचआयव्हीची लागण. आणि सरकारी नि चर्चच्या दवाखान्यांत मिळून डॉक्टर होते ४३. चारशे नाही, चार हजार नाही, त्रेचाळीस. आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त टेस्टर बसतात. देशाचं स्वतःचं मेडिकल कॉलेज ब्लँटायरला निघालं तेच १९९१मध्ये. त्याआधी पोरं शिकायला ब्रिटनला वगैरे जायची आणि बरीचशी तिकडचीच व्हायची. नर्स तर सरळ ब्रिटनच्या हॉस्पिटलांत जात होत्या. एनएचएसला तेव्हा माणसं हवीच होती.

मालावीनं काय केलं? आणीबाणीचा एक कार्यक्रम आखला. त्यात सगळ्यात साधी गोष्ट केली: पगार वाढवला. ११ प्रकारच्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे डॉक्टर, नर्स, लॅबवाले, औषधवाले वगैरे, मूळ पगारावर ५२ टक्के जादा. जोडीला नर्सिंग आणि मेडिकलच्या जागा वाढवल्या, इमारती बांधल्या, शिकवायला माणसं आणली, आणि तोवर भोक बुजवायला बाहेरून स्वयंसेवक डॉक्टर बोलावले. पैसे कुणी दिले? मोठा वाटा ब्रिटिश सरकारच्या मदत खात्यानं. म्हणजे बघा, त्याच सरकारची आरोग्यसेवा एका हातानं नर्स नेत होती आणि दुसरा हात उरलेल्यांना थांबायचे पैसे देत होता! ढोंग म्हणा हवं तर. पण पैसे आले, हे खरं.

पाच वर्षांत, २००४ ते २००९, त्या ११ प्रकारांतले कर्मचारी ५,४५३ वरून ८,३६९ झाले. ५३ टक्के वाढ. डॉक्टर ४३ वरून २६५. नर्स मात्र ३९ टक्क्यांनीच वाढल्या. आता यातलं सगळं श्रेय पगाराला देता येणार नाही. वाढलेल्या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या नव्या पोरांचा त्यात मोठा हात आहे. पण एक गोष्ट दिसते. देशाच्या सीमेवर कुलूप न लावता एका अतिशय गरीब देशात माणसं वाढली. आणि दुसरीही दिसते, ती कमी आनंदाची. पैसा देणाऱ्यांचा कार्यक्रम संपला की काय? पुढच्या दशकात मालावीत असेही दिवस आले की शिकून तयार असलेल्या नर्सना सरकार कामावर घेईना. वॉर्ड रिकामे, नर्स घरी, आणि पगाराच्या खात्यात पैसे नाहीत म्हणून भरती बंद. टंचाई आणि बेकारी एकाच वेळी, एकाच हॉस्पिटलच्या दाराशी. आमचा पोळी नाचवणारा मित्र या नर्सचा पासपोर्ट काढून घेऊन नक्की काय मिळवणार, मला कळत नाही.

तरी सरकारांना कुलूप फार आवडतं. कारण उघड आहे, ते स्वस्त पडतं. पगारवाढीला बजेट लागतं, बंदीला फक्त एक परिपत्रक.

नायजेरियात २०२३ मध्ये एक विधेयक आलं की डॉक्टर झाल्यावर पाच वर्षं देशात काम केल्याशिवाय पूर्ण परवानाच द्यायचा नाही. डॉक्टर लोक खवळले. झिंबाब्वेचे तेव्हाचे आरोग्यमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष चिवेंगा यांनी त्याच वर्षी परदेशी भरतीला गुन्हाच ठरवायची भाषा केली. आपणही मागे नाही. २०१२ मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद यांनी सांगितलं होतं, अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या डॉक्टरांना 'परत यायचं बंधन नाही' असं प्रमाणपत्र यापुढे मिळणार नाही. इंजिनियरांना असलं काही कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि फिलिपिन्स! त्यांची गोष्ट तर सिनेमा काढावा अशी आहे. हा देश गेली कित्येक दशकं जगासाठी नर्स घडवतोय, म्हणजे अक्षरशः एक्स्पोर्ट इंडस्ट्री. २००४ साली तिथं डॉक्टरीच्या परवाना परीक्षेत देशात पहिला आलेल्या एल्मर हासिंतोनं जाहीर केलं की आपण अमेरिकेत नर्स म्हणून काम करणार. देशात पहिला आलेला डॉक्टर! केवढा गहजब झाला. मग २०२० मध्ये कोविड आला आणि सरकारनं एप्रिलमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना बाहेर जायलाच बंदी घातली. हातात व्हिसा, बॅगा भरलेल्या, आणि थांबा. नोव्हेंबरात बंदी उठली ती वर्षाला ५,००० ची मर्यादा घालून. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्याच सरकारच्या कामगार खात्यानं ब्रिटन आणि जर्मनीला सुचवलं, आम्हाला लस द्या, आम्ही जास्त नर्स पाठवतो. ब्रिटननं नम्रपणे नकार दिला. पण वाक्य एकदा तोंडातून गेलं ते गेलं. नर्सला कुणी विचारलं नव्हतं, तिला लशीच्या पेटीशेजारी तराजूत बसवलं होतं.

बॉण्डबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आपल्याकडे तो सगळ्यांच्या तोंडी असतो. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते. बरीच वर्षं असं होतं की १० लाख भरले की सुटका. म्हणजे ज्याच्या बापाकडे १० लाख आहेत तो सुटला आणि शिक्षकाचा मुलगा गेला पीएचसीवर. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये असे बॉण्ड कायदेशीर ठरवलेत, तेव्हा त्यावर वाद नाही. पण त्यानं होतं काय? आमच्या गावाजवळच्या पीएचसीत एक बॉण्डेड डॉक्टर होता. पोरगा चांगला, हुशार, पेशंटशी नीट बोलायचा. टेबलावर ओपीडीचं रजिस्टर आणि रजिस्टरखाली एमसीक्यूचं जाडजूड पुस्तक. पेशंट गेला की पुस्तक वर, पेशंट आला की खाली. वर्ष संपलं त्या दिवशी संध्याकाळच्या एसटीनं गेला. माझा त्याच्यावर राग नाही. त्याला कुणी राहायला बोलावलंच नव्हतं, फक्त वर्षभर जाऊ दिलं नव्हतं.

माझाही बॉण्ड होता. फ्रेशर म्हणून लागलो तेव्हा दोन वर्षं, नाहीतर एक लाख रुपये. आमच्या बॅचमधल्या निम्म्या जणांनी सातशे एकतिसाव्या दिवशी रिझाइन टाकलं. एचआरला तारीख आधीपासून पाठ असावी, त्यांनी फेअरवेलचा केक ठोकमध्ये मागवला होता. असो.

आता वहिनींची गोष्ट. आमच्या टीममध्ये एक मल्याळी टेस्टर आहे, त्याची बायको पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची नर्स आहे. (आम्ही सगळे तिला वहिनीच म्हणतो, तिलाही त्याची सवय झालीये.) बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं, केरळातलं खासगी कॉलेज. फी वडिलांनी शेतजमिनीवर कर्ज काढून भरली. या शिक्षणात सरकारचा पैसा किती? जवळजवळ शून्य. आपल्या देशातली बहुतेक नर्सिंग कॉलेजं खासगी आहेत, त्यामुळे 'सरकारच्या पैशानं शिकून' हे वाक्य बहुतेक नर्सना लागूच होत नाही. पगार बावीस हजार. आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स असावी असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक आहे, वहिनी रात्री चार-चार बघतात. पहिल्या हॉस्पिटलनं तर तिची सगळी ओरिजिनल सर्टिफिकेट्स दोन वर्षं स्वतःकडे ठेवली होती. "सर्टिफिकेट मागायला गेले की म्हणायचे, विश्वास नाही का आमच्यावर?" ती हसून सांगते. आत्ता हसते.

हा प्रकार तिच्या एकटीचा नाही. २०११ मध्ये मुंबईत एका तरुण मल्याळी नर्सनं आत्महत्या केली. सर्टिफिकेट अडकवून ठेवण्यावरून आणि बॉण्डवरून तेव्हा रान पेटलं, मुंबईत आणि केरळात नर्स रस्त्यावर आल्या, संप झाले, युनायटेड नर्सेस असोसिएशन उभी राहिली. पुढे सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्रानं समिती नेमली. समितीनं सांगितलं, पन्नास खाटांच्या आतल्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला निदान २०,००० रुपये द्या, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतके. केरळ सरकारनं २०१८ च्या एप्रिलमध्ये २०,००० चा किमान पगार काढला, तोही पुन्हा संपाची धमकी आल्यावर. वीस हजार! त्यासाठी सात वर्षं भांडावं लागलं. आमच्याकडे सात वर्षांत माणूस तीन कंपन्या बदलतो.

वहिनी आता जर्मनीला निघाल्यात. बी-टू लेव्हलची परीक्षा देतायत, आणि मजा म्हणजे क्लासची फी जर्मनीतलं हॉस्पिटल भरतंय. मी तिला चेष्टेत म्हटलं, वहिनी, लंचला आमच्यात ठरलंय की तुमच्यामुळे देशाचं नुकसान होतंय. ती म्हणाली, "मी गेले तर देशाचं नुकसान. आणि मी चार व्हेंटिलेटर एकटी बघते तेव्हा कुणाचं?" मला उत्तर सुचलं नाही. माझा लंचवाला मित्र असता तर त्यालाही सुचलं नसतं असं वाटतं.

पण त्या फीवर माझं डोकं अडकलं. जर्मन हॉस्पिटल आठ-दहा महिन्यांच्या भाषेच्या क्लासचे पैसे देतं. चार वर्षांच्या नर्सिंगचे नाही, ते तिच्या वडिलांनी दिले. मालावीच्या नर्सचे मालावीनं दिले. आपल्या धंद्यात कुणी तयार प्रॉडक्ट उचलून नेलं आणि फक्त इन्स्टॉलेशनचे पैसे दिले तर आपण काय म्हणू?

या बाजूनं, म्हणजे नेणाऱ्यांच्या बाजूनं, नियम आहेत. नेल्सन मंडेलांनी १९९७ मध्ये ब्रिटनला विनंती केली होती की आमच्या नर्स नेऊ नका. १९९९ मध्ये ब्रिटननं मार्गदर्शक सूचना काढल्या, २००१ मध्ये आचारसंहिता. जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता २०१० साली आली. सगळ्या देशांनी हात वर केले, कारण ती ऐच्छिक आहे. मोडली तर दंड नाही. टंचाईवाल्या देशांची यादी मात्र निघते, २०२३ च्या यादीत ५५ देश आहेत. यादीतल्या देशांत जाऊन भरतीचे मेळावे घ्यायचे नाहीत. पण तिथल्या नर्सनं स्वतःहून अर्ज केला तर? चालतं. नायजेरिया आणि घाना यादीत असताना तिथल्या हजारो नर्स ब्रिटनमध्ये नोंदल्या गेल्या. आणि खरं सांगायचं तर 'चालतं' हेच बरोबर आहे. यादीत देश असतो, त्याची शिक्षा त्या मुलीला का?

केनियाचं बघा. २०२१ च्या जुलैमध्ये केनियानं ब्रिटनशी करार केला, आमच्याकडच्या बेकार नर्स घ्या म्हणून. नोव्हेंबरात ब्रिटनच्या लक्षात आलं की अरे, हा तर टंचाईवाला देश. भरती थांबवली, मग कराराच्या चौकटीतच भरती असा सोनेरी मध्य काढला. टंचाई खरी आणि बेकारीही खरी, हे पुन्हा इथं आलंच.

नळ कधी सोडायचा, कधी बंद करायचा हे सगळं त्यांच्या हातात. २००६ च्या एप्रिलमध्ये ब्रिटननं एका रात्रीत नियम बदलले आणि परीक्षा पास होऊन तिथं नोकरी शोधणारे किती भारतीय डॉक्टर अडकून पडले. कोविडनंतर वृद्धांच्या देखभालीला हजारोंनी माणसं बोलावली, २०२५ च्या जुलैमध्ये ते दारही नव्या लोकांना बंद केलं. अशा नळाच्या भरवशावर कुठल्या गरीब देशानं आपल्या कॉलेजांचं प्लॅनिंग करायचं?

माझं मत विचाराल तर बिल नेणाऱ्याच्या नावावर फाडायला हवं, आणि ते आधी. नंतर मदत म्हणून नाही. एक नर्स न्यायची तर तिच्या देशात दोन नर्स शिकतील एवढ्या जागांचा खर्च उचला, एक तुमची, एक आमची. हे काही मी शोधून काढलेलं नाही, मायकेल क्लेमेन्स नावाचे अर्थतज्ज्ञ अशाच धर्तीच्या भागीदारीची कल्पना बरीच वर्षं मांडतायत. यावर 'व्यवहारात अवघड आहे' असं लगेच म्हटलं जातं. भाषेच्या क्लासची फी पुण्यात बसून भरता येते, मग कॉलेजची का येत नाही?

आणखी जुनी कल्पना जगदीश भगवतींची, १९७०च्या दशकातली. जन्मानं मुंबईकर असलेले हे अर्थतज्ज्ञ म्हणाले होते, गरीब देशातून आलेल्या शिकलेल्या माणसाच्या तिकडच्या कमाईवर थोडा जादा कर घ्या आणि तो गरीब देशांसाठी वापरा. ती कधी अमलात आली नाही. मला त्यात आवडतं ते हे, की त्यात नर्स आणि इंजिनियर असा भेद नाही. आमच्या लंच टेबलावर ही कल्पना टाकून बघितली. पोळीवाला मित्र म्हणाला, "आमच्यावर कशाला?"

तरीही एक प्रश्न उरतो. पैसे आले, कॉलेजं निघाली, पगार वाढले, तरी माझ्या तालुक्यात भूल द्यायला कोण येणार? शिकलेला माणूस पुण्याला थांबेल, लंडनला नाही गेला तरी. इथं मला पुन्हा मालावी आठवतं. तिथं 'क्लिनिकल ऑफिसर' नावाचा एक वर्ग आहे. डॉक्टर नाहीत, बारावीसारखं काहीतरी झाल्यावर तीन वर्षांचा कोर्स आणि एक वर्ष इंटर्नशिप. जिल्ह्याच्या हॉस्पिटलांतली बहुतांश सिझेरियन हीच माणसं करतात, आणि अभ्यासांत असं दिसलंय की त्यांचे निकाल डॉक्टरांच्या जवळपास आहेत. ही माणसं परदेशात फारशी जात नाहीत. का? कारण ती पदवी लंडनमध्ये कुणी ओळखत नाही.

वाचल्यावर आधी वाटलं, वा, काय हुशारी! मग वाटलं, हेही कुलूपच की. फक्त विमानतळावर न लावता सर्टिफिकेटात शिवलेलं. पण निदान त्या माणसाला कोर्सला बसतानाच माहीत असतं की ही गाडी कुठपर्यंत जाते. मध्येच कुणी नियम बदलून त्याच्या बॅगा उतरवत नाही. त्यामुळे मी या बाजूला झुकतो, थोडं अवघडून.

आपल्याकडे असे 'लायसेन्शिएट' होते, इंग्रजांच्या काळात. १९४६ च्या भोर समितीनं बहुमतानं सांगितलं, आता एकच प्रकारचा डॉक्टर, पूर्ण शिकलेला. हेतू चांगला होता. छत्तीसगडनं २००१ मध्ये तीन वर्षांचा कोर्स पुन्हा काढून पाहिला, डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला, काही बॅचनंतर तो बंद. पण त्यातून निघालेली पोरं तिथल्या आदिवासी भागातल्या पीएचसीत काम करत राहिली. भूल देण्यापुरतं म्हणाल तर आपल्याकडे साध्या एमबीबीएस डॉक्टरला तातडीच्या बाळंतपणासाठी भूल द्यायला शिकवायचं सरकारी ट्रेनिंग आहे, सुरुवातीला ते १८ आठवड्यांचं होतं. अठरा आठवडे! आमच्याकडे एक रिलीज व्हायला याहून जास्त लागतात.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात तसं ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर एकदा आला होता म्हणे. वर्षभरात बदली झाली. भूलतज्ज्ञाच्या जागेची जाहिरात अजून निघते, कंत्राटी, ११ महिन्यांसाठी, क्वार्टर नाही. मागच्या महिन्यात मामानं ती फोटो काढून मला पाठवली. मजकूर गेल्या वेळचाच होता, फक्त अर्जाची तारीख बदललेली.